आढे, वासे आणि तळची तुळई

कोकणातील जुन्या घरांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. ओटी, पडवी, माजघर, देवघर आणि मागीलदारची विहीर यांची वर्णने वाचून वाचून परमुलखातील वाचकासही ती घरे परिचयाची झाली आहेत. परंतु ज्या लाकडी सांगाड्याच्या आश्रयाने हा सारा प्रपंच चार महिन्यांच्या धुवांधार पावसातही कोरडा राहिला, त्या सांगाड्याकडे लेखकांची दृष्टी फारशी वर वळलेली दिसत नाही. याचे एक कारण उघड आहे. दगड टिकतो, लाकूड टिकत नाही. आणि इतिहासकार स्वाभाविकपणेच जे टिकले त्याच्याभोवती वावरतो. 1739 साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या वसईच्या किल्ल्यात चर्चांच्या उंच भिंती आणि कमानी आजही पाहावयास मिळतात, पण त्यांच्या प्रशस्त सभागृहांवरील लाकडी छपरे केव्हाच नाहीशी झाली. शनिवारवाड्याची जोती, तट आणि दिल्ली दरवाजा उभे आहेत, पण त्यांवरील सागवानी मजले 1828 च्या आगीत भस्मसात झाले. त्यामुळे आपल्या सुतारांनी छपराचा प्रश्न कसा सोडविला याचा इतिहास सरकारी दप्तरांतील रुमालांपेक्षा जुन्या घरांच्या माळ्यांवर अधिक सापडतो, आणि तो वाचावयाचा तर शिडी लावून वर चढावे लागते.

प्रश्न मुळात पाण्याचा आहे. देशावर, जेथे पाऊस बेताचा, तेथे लाकडी तुळयांवर मातीचे सपाट धाबे घालून भागते. रत्नागिरीस चार महिन्यांत 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; तेथे छपरावर पडलेले पाणी क्षणभरही थांबता उपयोगी नाही, म्हणून उतार हवा. या उताराची सर्वांत साधी आकृती म्हणजे दुपाखी छप्पर : मध्यावर आढे, आढ्यापासून दोन्ही अंगांस उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांवर गवत किंवा कौले. आढ्याचे पाणी वळचणीला जाते हे आपल्याला म्हणीनेच शिकविले आहे. परंतु पाण्याबरोबर छपराचा भारही खाली उतरत असतो, आणि तो कोणत्या वाटेने उतरतो यावर त्या घराचे आयुष्य अवलंबून असते.

दोन वासे माथ्याशी एकमेकांस टेकवून उभे केले, की त्यांचे पाय बाहेर फाकू लागतात. वर भार जितका अधिक आणि उतार जितका सपाट, तितकी ही फाकण्याची ओढ प्रबळ. ती अडविली नाही तर वासे भिंतींना बाहेर लोटतात, भिंती कलतात, आढे खाली बसते, आणि एखाद्या आषाढात घर आपल्याच छपराच्या वजनाने उकलते. या ओढीचा बंदोबस्त तीन प्रकारांनी करता येतो. भिंतीच इतक्या जाड बांधाव्यात की त्या लोटल्या जाणार नाहीत. किंवा आढ्याखाली मजबूत खांब देऊन वासे फाकण्याचे कारणच नाहीसे करावे. किंवा वाशांचे दोन्ही पाय एका आडव्या लाकडाने एकमेकांशी जखडून टाकावेत. छपराच्या शिल्पाचा बहुतेक सारा इतिहास या तीन तजविजींतील निवडीचा इतिहास आहे.

आपल्या सुतारांनी मुख्यतः दुसरी तजवीज पत्करली. कोकणातील जुन्या घराच्या मध्यभागी उंच खांबांची एक ओळ असे. त्या खांबांच्या माथ्यावर आढे ठेवलेले असे. आणि वासे आढ्यावरून खाली सोडलेले असत. आढे आपल्या जागेवरून खाली बसत नाही तोवर वाशांना फाकण्याचे प्रयोजन उरत नाही, आणि भिंतीवर येतो तो केवळ उभा भार, जो मातीची किंवा जांभ्या चिऱ्याची भिंतही सहज पेलते. ही योजना साधी आहे, परंतु तिच्या साधेपणात दीर्घ अनुभव साठलेला आहे. घराची मापे भिंतींवरून घेण्याऐवजी खांबांच्या अंतरांवरून घेण्याची जी आपली रीत, म्हणजे सोपा पाच खणांचा की सात खणांचा असे विचारण्याची, तीही याच खांबांच्या राज्यातली. आढे चढविण्याचा दिवस हा घरबांधणीतील मुख्य दिवस मानून त्या दिवशी नारळ फोडावयाचा आणि सुतारास वस्त्र द्यावयाचे, यामागे केवळ रूढी नव्हती. त्या एका लाकडावर घराची सारी भिस्त आहे याची ती कबुली होती.

या योजनेचा आणखी एक गुण असा, की ती वाकड्यातिकड्या लाकडावरही निभावून जाते. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक खरा, परंतु बलुत्याच्या धान्यात नांगर, कुळव, पाभर यांची कामे येत. घराचे काम वेगळे, त्याची मजुरी वेगळी, आणि त्यासाठी लागणारे लाकूड यजमानाच्या ऐपतीप्रमाणे. सागवान सर्वांच्या आवाक्यातले नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाविषयी जे कलम आहे, त्यात सागादी वृक्ष राज्यातल्या अरण्यांतून हुजूरच्या परवानगीने तोडावे असे म्हटले आहे, आणि आंबा-फणसांसारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, तेव्हा त्यांना हात लावू नये, एखादे अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून आणि द्रव्य देऊनच घ्यावे, अशी सक्त ताकीद आहे. लाकडाच्या या हिशेबात सामान्य कुणब्याच्या घरास खांबांसाठी ऐन, किंजळ किंवा फणस, वाशांसाठी हाती येईल ते रायवळ लाकूड आणि रिपांसाठी चिरलेली पोफळ किंवा बांबू एवढेच येई. वर गवत, किंवा ज्यांची परिस्थिती बरी त्यांच्याकडे कुंभाराने घडविलेली नळ्याची कौले. ही अर्धगोल कौले एकावर एक दुहेरी रचावयाची. वासा थोडा वाकला, रीप थोडी झुकली, तरी हाताने सरकवून ती जुळविता येत. मात्र माकडांनी आणि वाऱ्याने ती विसकटत, म्हणून दरवर्षी मृगापूर्वी घर शाकारून घेणे हा प्रत्येक गृहस्थाच्या मागे लागलेला खर्च होता. आणि वजनाने ती जड, दुहेरी रचली असता रिपांसह चौरस मीटरला सुमारे 120 किलो.

सरदारांच्या आणि सावकारांच्या वाड्यांत सागवान होते, कोरीव सुरूदार खांब होते, नक्षीदार छते होती; परंतु छपराचे मूळ सूत्र तेच. तेथे मध्ये खांब नको असेल तर सुतार एक भक्कम तुळई भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकी, आणि तिच्या मध्यावर एक ठेंगणा खांब उभा करून त्यावर आढे ठेवी. म्हणजे छपराचा अर्धाअधिक भार त्या ठेंगण्या खांबावाटे तुळईच्या ऐन मध्यावर, जेथे लाकूड सर्वांत लवकर वाकते, तेथेच येई. त्यामुळे तुळई फार जाड घ्यावी लागे, आणि तिच्या लांबीलाही मर्यादा पडे. पेशवाईतील मोठमोठे दिवाणखाने पाहिले तर त्यांच्या लांबीला बंधन दिसत नाही, रुंदीला मात्र दिसते. रुंदी वाढली की दोन्ही बाजूंस खांबांच्या रांगा आल्याच. त्या रांगांना आपल्या कारागिरांनी इतके सौंदर्य दिले, की त्या एका अडचणीतून जन्मल्या आहेत याची आज शंकाही येत नाही.

तिसरी तजवीज, म्हणजे वाशांचे पाय तळच्या आडव्या तुळईने जखडून त्रिकोणी कैची करण्याची, भूमध्य समुद्राच्या काठी फार प्राचीन काळी परिपक्व झाली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन स्थपती विट्रूव्हियस याने आपल्या वास्तुग्रंथात लहान गाळ्यासाठी आढे आणि वासे पुरेत, परंतु मोठ्या गाळ्यासाठी आडव्या तुळया आणि तिरके टेके हवेत, असा भेद स्पष्ट केला आहे. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरीनच्या मठातील चर्चचे छप्पर सहाव्या शतकातील आहे. त्याच्या तुळयांवर सम्राट जस्टिनियन आणि दिवंगत सम्राज्ञी थिओडोरा यांची नावे कोरलेली असल्यामुळे ते 548 ते 565 या वर्षांत घडविले गेले असे निश्चित सांगता येते, आणि आपले काम अद्याप बजावीत असलेल्या कैच्यांत त्या जगातील सर्वांत जुन्या मानल्या जातात. वाळवंटाच्या कोरड्या हवेने त्या राखल्या. उलट इंग्लंडात, लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलवर 1390 च्या दशकात ह्यू हर्लंड नामक सुताराने वीस मीटरांहून अधिक रुंदीचे जे ओकच्या लाकडाचे अलौकिक छप्पर चढविले, त्यात तळची तुळई सलग न ठेवता मध्येच तोडून सोडली आहे. परिणामी छपराचा रेटा दगडी भिंतींना आणि त्यांच्या बाहेरील धिऱ्यांना सोसावा लागतो. इतक्या भव्य भिंती पदरी असतील तरच असे धाडस परवडते.

कैचीचे खरे मर्म तिच्या मधल्या उभ्या लाकडात आहे, आणि येथे थोडे थांबणे अवश्य आहे. इंजिनिअर लोक ज्याला किंग पोस्ट म्हणतात ते हे लाकूड वाड्यातील त्या ठेंगण्या खांबाच्याच जागी असते, दिसतेही तसेच. परंतु दोहोंचे काम नेमके उलट. वाड्यातील खांब तुळईवर उभा राहून तिला खाली दाबतो. कैचीतील खांब दोन वाशांच्या माथ्यांत अडकून खाली लोंबत असतो, आणि तळच्या तुळईला वर धरून ठेवतो. म्हणून जुन्या पद्धतीत तुळई वाकण्याच्या भीतीने जाड करावी लागते, तर कैचीत ती बेताची चालते, कारण तिच्या नशिबी वाकणे जवळजवळ नाही, केवळ ताणले जाणे आहे. खांब खरोखर लोंबता राहावा म्हणून त्याचा पाय तुळईवर घट्ट न टेकविता मध्ये किंचित फट ठेवतात आणि लोखंडी पट्टीने तुळई त्याला टांगतात. ज्याला ही फट का ठेवली हे उमगले, त्याला कैची उमगली असे समजण्यास हरकत नाही.

हे ज्ञान आपल्याकडे व्यापक प्रमाणावर आले ते कंपनी सरकारच्या अखेरच्या वर्षांत. 1847 साली रुडकीचे इंजिनिअरिंग कॉलेज निघाले. 1854 च्या सुमारास डलहौसीच्या कारकिर्दीत बांधकाम खात्याची स्थापना झाली, आणि त्याच वर्षी पुण्यात त्या खात्यास दुय्यम नोकर पुरविण्याकरिता इंजिनिअरिंगचा वर्ग उघडण्यात आला, ज्यातून पुढे तेथील कॉलेज उदयास आले. टॉमस ट्रेडगोल्ड याचा सुतारकामाच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ 1820 मध्येच प्रसिद्ध झाला होता, आणि कोणत्या लाकडावर किती दाब, किती ताण येतो हे मोजून मगच त्याची जाडी ठरविण्याची शिस्त त्या पिढीत रुजली होती. नव्या राजवटीला इमारतीही नव्या प्रकारच्या हव्या होत्या. मामलेदार कचेरी, शाळेचा दिवाणखाना, दवाखाना, रेल्वेचे मालधक्के यांत मध्येच उभा असलेला खांब ही शोभा नसून अडथळा होता. खांब काढावयाचा तर कैची आणावी लागली.

परंतु केवळ हुकमाने सुतारकी बदलत नाही. ती बदलली मंगलोरी कौलाने. 1841 मध्ये फ्रान्सच्या अल्सास प्रांतातील जिलार्दोनी बंधूंनी एकमेकांत गुंतणाऱ्या खाचांचे सपाट कौल काढले होते. त्याच जातीचे कौल गेओर्ग प्लेब्स्ट या बासेल मिशनच्या धर्मोपदेशकाने 1865 साली मंगळूरजवळ जेप्पू येथे, नेत्रावतीच्या काठच्या चिकणमातीतून, यंत्राच्या दाबाने घडविण्यास आरंभ केला. गलबतांतून ही तांबडी कौले किनाऱ्याने वर मुंबईपर्यंत आली, आणि पाहता पाहता सरकारी इमारतींपासून खोतांच्या आणि चाकरमान्यांच्या घरांपर्यंत पसरली. रिपांसह त्यांचे वजन चौरस मीटरला सुमारे 65 किलो, म्हणजे दुहेरी नळ्यांच्या जवळजवळ निम्मे. दर वर्षीची शाकारणी टळली. पण या कौलाने एक कठोर अटही घातली. ते साच्यातून आलेले. त्याची लांबी-रुंदी ठरलेली. त्याच्या पाठीची नाकी रिपेवर नेमकी बसली पाहिजे. म्हणजे रिपा सरळ आणि समान अंतरावर हव्यात, वासे एका पातळीत हवेत, आणि आढे पाणसळीत हवे. वाकसाने तासलेल्या रायवळ लाकडाचे दिवस तेथेच संपत आले, आणि करवतीने कापलेल्या, गुण्याने तपासलेल्या चौरस लाकडाचे सुरू झाले. ज्या बदलास ग्रंथ आणि खाते पुरे पडले नाहीत, तो मातीच्या एका फरशीएवढ्या तुकड्याने घडवून आणला, ही मला आपल्या कारागिरीच्या इतिहासातील विशेष मननीय घटना वाटते.

आता एक कैची जवळून पाहू. समजा, दालन 6 मीटर रुंद आहे, कैच्या 3 मीटरांच्या अंतराने आहेत, आणि कौले, रिपा, लाकूड मिळून छपराचे वजन चौरस मीटरला 80 किलो आहे. उतार 30 अंशांचा ठेवला तर एका कैचीवर सुमारे 1650 किलो भार येतो आणि तळच्या तुळईवर सुमारे 700 किलोंची ओढ. उतार 45 अंशांचा केला तर छप्पर मोठे होऊन भार 2000 किलोंच्या वर जातो, तरीही ओढ उतरून 500 किलोंवर येते. लाकूड वाचविण्याच्या मोहाने उतार 20 अंशांवर आणला, तर भार कमी होऊनही ओढ 1000 किलोंच्या पुढे जाते, आणि शिवाय पावसाचे पाणी वाऱ्याने कौलांखाली उलटे शिरते ते निराळेच. वादळवाऱ्याचा आणि छपरावर चढणाऱ्या माणसांचा हिशेब यात धरलेला नाही. तो धरला की आकडे पुष्कळच वाढतात. तुळई डोक्याला लागते म्हणून ती वाशांच्या पायांपासून उचलून आढ्याच्या निम्म्या उंचीवर नेली, तर तिच्यावरील ओढ दुप्पट होते, आणि शिवाय तिच्या खालचा वाशांचा भाग वाकू लागतो.

एवढी ओढ सागाच्या 10 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच तुळईस काहीच नाही. तंतूंच्या दिशेने ताणले असता लाकूड याच्या कित्येक पट सोसते. मग कैच्या का मोडतात? त्या मोडतात टोकाशी. वाशाचा पाय तुळईला जेथे खाच पाडून बसविलेला असतो, तेथे तो पाय खाचेच्या पुढच्या लाकडाला बाहेर रेटत असतो, आणि ते लाकूड तंतूला तंतू घासून पदरासारखे सुटू पाहते. या दिशेने लाकूड अत्यंत दुबळे. म्हणून खाचेच्या पुढे तुळईचे टोक एक वीत तरी जास्त सोडावयाचे, खाच तुळईच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाहून खोल न्यावयाची नाही, आणि वासा वर उचलला जाऊ नये म्हणून लोखंडी पट्टीने किंवा बोल्टाने सांधा आवळावयाचा. दुर्दैवाने हेच टोक भिंतीत पुरलेले असते, हेच वळचणीजवळ असल्यामुळे ओलावते, आणि वाळवी प्रथम येथेच लागते. चांगला सुतार भिंतीत टोकाभोवती हवा खेळण्यास जागा सोडतो. उतावळा गवंडी ती चुन्याने भरून टाकतो. वरून सारे ठणठणीत दिसते आणि आतून टोक भुसा झालेले असते.

जे जुने सुतार लिहितावाचता येत नसतानाही कैच्या बांधीत, त्यांची रीत मला कोणत्याही नकाशापेक्षा कमी प्रतीची वाटत नाही. सारवलेल्या अंगणात सुताची दोरी काव लावून ताणावयाची आणि सोडून रेघ उठवावयाची. अशा रेघांनी सबंध कैची खऱ्या मापात जमिनीवर आखावयाची. मग लाकडे त्या रेघांवर पसरून खाचा आणि कुसा तेथल्या तेथे खुणावयाच्या, पटाशीने कोरावयाच्या, सांधे जुळवून पाहावयाचे, प्रत्येक तुकड्यावर खूण करून ते सुटे करावयाचे, आणि वर नेऊन पुन्हा जोडावयाचे. पहिली कैची झाली की बाकीच्या तिच्यावरच ठेवून घडवावयाच्या, म्हणजे सर्वांचे आढे एका रेषेत येते. ओढीचे गणित त्यांनी केले नव्हते. पण तुळईचे टोक किती सोडावे हे त्यांचा हात जाणत होता, आणि तो हात तीन पिढ्यांच्या चुकांतून तयार झाला होता.

आज कोकणातील जी जुनी घरे उभी आहेत त्यांत दोन्ही योजना नांदत आहेत, आणि दोहोंवर एकच संकट आले आहे. सुट्टीपुरते येणाऱ्या वारसांना दालन मोठे हवे असते. तेव्हा आढ्याच्या घरातील मधला खांब काढला जातो, आणि जे वासे शंभर वर्षे निवांत लोंबत होते ते एका दिवसात भिंतींना लोटू लागतात. कैचीच्या घरात माळ्यावर खोली हवी असते, डोक्याला लागते म्हणून तळची तुळई कापली जाते. घर त्याच दिवशी पडत नाही, म्हणून कापणाऱ्यास आपण बरोबर केले असे वाटते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी भिंतीच्या माथ्याशी आडवी भेग दिसू लागते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यास धडकले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील असंख्य घरांची कौले आणि पत्रे उडाले. अशा वाऱ्यात छपरावर खाली दाबणारा भार येत नाही, तर त्याला वर उचलणारी शक्ती येते. तिला तोंड द्यावयाचे तर वासे आढ्याशी, तुळई वाशांशी आणि तुळई भिंतीशी, असे सगळे सांधे शाबूत लागतात. एखादाही तोडलेला असेल तर बाकीच्यांचा इलाज चालत नाही.

म्हणून ज्यांच्या पदरी असे घर आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पावसाळ्यापूर्वी एकदा माळ्यावर चढावे आणि प्रत्येक तुळईचे भिंतीत गेलेले टोक पटाशीने टोचून पाहावे. मधला खांब किंवा तळची तुळई काढण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर आधी जाणत्या माणसाकडून हिशेब करून घ्यावा, वाशांच्या पायांना जोडणारी पोलादी सळई त्याच पातळीवर बसवून ती ताणून आवळावी, आणि ती काम करू लागली याची खात्री झाल्यावरच करवत हाती घ्यावी.